बंदुकीची माशी आणि पुण्याचे कारागीर

ठासणीच्या बंदुकीच्या नळीवर, अगदी तोंडाशी, तांदळाच्या दाण्याएवढा धातूचा एक उंचवटा असतो. त्याला माशी म्हणतात. नेम धरणारा मागच्या खाचेतून पाहतो, खाचेच्या मधोमध माशी आणतो आणि माशीच्या टोकावर लक्ष्य. ही माशी सैल झाली की बाकी बंदूक कितीही भक्कम असली तरी तिचा भरवसा संपतो. हिशेब साधा आहे. खाच आणि माशी यांत एक मीटर अंतर धरले आणि माशी एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर हुकते. पुण्याच्या शस्त्रांचा इतिहास सांगताना आपण तलवारी, पट्टे आणि तोफा यांवर भरभरून लिहितो. हा दाणा पुन्हा जागेवर बसवणाऱ्या कारागिराकडे मात्र क्वचितच वळतो. त्याच्या कामाकडे नीट पाहिले, तर एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. पेशवाईची राजधानी असलेल्या आणि धातुकामात नाव कमावलेल्या या शहरातून बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा का उठला? आपले कारागीर मागासलेले होते आणि विलायती यंत्रांपुढे ते टिकले नाहीत, असे उत्तर सहसा दिले जाते. मला ते पटत नाही. कारागिरांचे हात शाबूत होते. गेली ती केलेले काम गोळी झाडून पडताळून पाहण्याची मुभा, आणि ती कायद्याने गेली.

हे समजण्यासाठी दुरुस्तीच आधी जवळून पाहायला हवी. मागून भरायच्या बंदुकीपेक्षा ठासणीच्या बंदुकीची माशी सैल होण्याचा संभव जास्त, कारण तिचे सगळे काम नळीच्या तोंडाशी चालते. दर बाराला दारू तोंडातून ओतायची, गोळी ठेवायची, गजाने ठासायची. हात, गज, चिंधी सगळे माशीच्या आसपास वावरते. त्यात काळ्या दारूची जळकी राख हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात बंदूक धुऊन, पुसून, तेल देऊन ठेवली नाही, तर माशीच्या बुडाशी गंज धरतो आणि बैठक पोखरली जाते. माशी बसवायच्या रीती मुख्यतः दोन. एक, नळीच्या पाठीवर आडवी खाच पाडायची, बुडाशी रुंद आणि वर अरुंद, आणि तीत माशीचा पाया बाजूने ठोकून बसवायचा. दुसरी, माशी नळीवर ठेवून झाळायची. कथिलाने झाळली तर थोड्या आचेवर भागते, पितळेने झाळली तर नळीचे टोक लालभडक तापवावे लागते, पण जोड पक्का होतो. खाचेतली माशी हलू लागली तर कारागीर ती काढतो, खाचेचा तळ खरवडून गंज घालवतो, तळावर टोचणीने चार-दोन ठोके देऊन धातू किंचित उचलतो, किंवा पायाखाली तांब्याचा पातळ पत्रा सरकवतो आणि माशी पुन्हा ठोकून बसवतो. खाचेच्या कडा हलक्या हातोडीने आत दाबणे हाही एक उपाय, पण तो वारंवार केला की कडाच झिजतात. झाळलेली माशी सुटली असेल तर दोन्ही पृष्ठे कानसून स्वच्छ करायची, कथिलासाठी नवसागर किंवा पितळेसाठी टाकणखार वापरायचा आणि जोड पुन्हा धरायचा.

यातले एकही काम तांबट, कासार, लोहार किंवा सोनार यांना परके नाही. झाळणे, कानसणे, ठोकून बसवणे हे त्यांच्या रोजच्या हातचे. पण एवढ्याने बंदूक दुरुस्त होत नाही, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया इथे आहे. माशी घट्ट बसली म्हणजे ती योग्य जागी बसली असे नव्हे. तिची जागा आणि उंची फक्त गोळी झाडून कळते. गोळी उजवीकडे जात असेल तर माशी उजवीकडे सरकवायची. गोळी खाली पडत असेल तर माशी कानसून ठेंगणी करायची. म्हणून जाणता कारागीर नवी माशी मुद्दाम थोडी उंच ठेवतो, ठरलेल्या मापाची दारू आणि गोळी घेऊन बार काढतो, लक्ष्यावरची खूण पाहतो, कानशीचा एक हात मारतो, पुन्हा बार काढतो. जास्त कानसले तर गेलेला धातू परत येत नाही. दारूचे माप बदलले की गोळी पडण्याची जागाही बदलते, म्हणून ही पडताळणी त्याच बंदुकीवर, त्याच मापाने व्हावी लागते. तेव्हा या धंद्याला ऐरण आणि भाता पुरत नाहीत. दारू लागते, शिसे लागते, मोकळे मैदान लागते आणि बार काढला म्हणून कोणी पकडून नेणार नाही अशी खात्री लागते. यातले शेवटचे गेले की धंद्याचा अर्धा भाग आपोआप गळतो, आणि उरलेला अर्धा भाग भांडी घडवण्यापुरता राहतो.

मुळात हा धंदा आपल्याकडे होता का, असा पहिला आक्षेप येतो. मराठे भाला-तलवारीचे, बंदुका त्यांनी फिरंग्यांकडून घेतल्या, मग दुरुस्तीची परंपरा कुठली? बाहेरून शस्त्रे विकत घेतली हे खरेच आहे. तोफा आणि बंदुकांसाठी पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच यांच्याशी व्यवहार झाले. पण विकत घेतलेली वस्तू चालती ठेवायला घरचाच माणूस लागतो. हिंदुस्थानात बंदूक घडवण्याचे ज्ञान जुने होते. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळून नळी घडवण्याची रीत दिली आहे आणि बंदुकीवर कारागिराचे नाव, घडवल्याचे ठिकाण, लोखंडाचे वजन यांची नोंद कोरत असत हेही सांगितले आहे. मराठी राज्यापुरते पाहायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, गडावरचा दारूखाना घरांपासून दूर असावा, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा शिक्का करून ठेवावी, अशी ताकीद आहे. दारूला ऊन दाखवण्याची आठवण ठेवणारे राज्य बंदुकीची निगा सोडून देत होते, हे मानणे कठीण आहे. निगा हा त्या राजनीतीचाच भाग होता.

पुढे अठराव्या शतकात बंदूक मराठी फौजेत मध्यावर आली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या बंदूकधारी पलटणी लढल्या. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तो पगारासाठी बिथरलेल्या गारद्यांच्या हातून. बंदूकधारी पायदळ थेट राजधानीच्या मधोमध वस्तीला होते, याची ती भीषण साक्ष आहे. १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीत वारलेल्या महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याच्या त्यांच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. देखरेख परक्याची होती, हे आक्षेपकाने जरूर दाखवावे. पण ऐरणीवरचे हात इथलेच होते. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीची परंपरा असे सांगते की पेशव्यांनी कोकणातून तांबटांना आणून वसवले ते भांड्यांबरोबर नाणी आणि शस्त्रांच्या कामासाठीही. इंग्रजी अमलात, १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जिनगर या कारागीर जातीच्या कामांची यादी येते: ओतकाम, रंगकाम, मूर्ती, आणि पेट्या, कुलपे, घड्याळे यांची दुरुस्ती. जो हात घड्याळ उघडून पुन्हा चालते करतो, त्याला बंदुकीचा चाप किंवा माशी अवघड नव्हती. कौशल्य मेले होते, असे त्या यादीवरून म्हणता येत नाही. ते दुसऱ्या वस्तूंकडे वळले होते, एवढेच दिसते.

मात्र सगळ्याच बंदुकांना माशीची सारखी गरज होती असेही नाही. कवायती पायदळाच्या हातची गुळगुळीत नळीची बंदूक शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला नेमकी लागेल याची खात्री कोणी देत नसे. ती एकगठ्ठा, हुकमावर झाडायची. इंग्रजांच्या ब्राऊन बेस बंदुकीला मागची खाचच नव्हती. पुढे जो उंचवटा होता तो संगीन अडकवण्याच्या कामाचा आणि जमल्यास नेमाचा. तिथे माशी सैल झाली तर संगीन डळमळेल ही चिंता मोठी होती. नेमाची खरी गरज होती ती एकट्या माणसाला: गडाच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला, शिकाऱ्याला, डुकरे आणि वाघ यांच्यापासून पीक व गुरे राखणाऱ्या गावकऱ्याला. त्यांची लांब नळीची तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक सावकाश भरली जाई, पण पल्ल्यात ती पलटणीच्या बंदुकीला भारी पडे, हे तिच्याशी सामना झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण गेला आणि पुण्याच्या शस्त्रकारागिरांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक, म्हणजे सरकार आणि सरदारांच्या फौजा, एका झटक्यात गेले. हा घाव मोठा होता, तो झाकण्याचे कारण नाही. तरी घाव बसला तो घाऊक मागणीवर. एकेकट्या बंदूकधाऱ्याची गरज, जिच्यात माशीचे खरे काम होते, ती त्यानंतरही गावोगाव उरली होती. त्या गरजेचे पुढे काय झाले, यावर सगळा वाद ठरतो.

इथेच विज्ञानाने एक उडी घेतली. १८५३ ची एनफिल्ड रायफल आली. तीही तोंडातून ठासायची, पण नळीच्या आत पेच होते, गोळी फिरत जाई आणि पल्ला शेकडो यार्डांवर गेला. मागे अंतराप्रमाणे वरखाली करता येणारी खाच आली आणि पुढची माशी, जी संगिनीचाही आधार होती, पितळेने पक्की झाळलेली आली. माशी आता दुय्यम राहिली नाही. सगळी रायफल तिच्या भोवती उभी होती. मग १८५७ चा उठाव झाला, आणि कंपनीच्या जागी आलेल्या सरकारने हिंदी शिपायांच्या हाती काय द्यावे? १८५८ च्या नमुन्याची बंदूक. दिसायला ती एनफिल्डसारखीच, पण आतले पेच काढून नळी .६५६ इंच रुंद आणि गुळगुळीत केलेली, आणि अंतराप्रमाणे हलणाऱ्या खाचेच्या जागी एकच ठरीव खाच. नेम धरण्याची शक्ती हेतुपूर्वक कापली होती. पुढेही गोऱ्या पलटणींना नवे हत्यार मिळाले की हिंदी पलटणींना जुने मिळे, हा क्रम बरीच वर्षे चालला. यावर मुंबई सैन्यातल्या जॉन जेकबचे उदाहरण दाखवता येईल. दोन हजार यार्डांपर्यंत खुणा असलेली दुनळी रायफल त्याने तयार करवली आणि हिंदी शिपायांच्या पलटणीला तीच देण्याचा आग्रह धरला. जेकब खरा होता आणि त्याच्या शिपायांचा नेमही खरा होता. म्हणूनच तो पुरावा माझ्या बाजूचा आहे. हिंदी माणसाला अचूक हत्यार पेलत नाही, हे कारण त्याने खोटे ठरवले. सरकारी धोरण १८५८ नंतरही बदलले नाही, ते अविश्वासामुळे.

शिपायाची बंदूक गुळगुळीत केली, तशी रयतेची बंदूक काढून घेतली. १८५७ च्या शस्त्रबंदीच्या हुकुमाला आताच्या बागलकोट जिल्ह्यातल्या, तेव्हा मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात असलेल्या हलगलीच्या बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये नकार दिला आणि ते लढून मारले गेले. शस्त्र त्यांना रोजच्या जगण्यात लागत होते, हे त्यांनी प्राण देऊन सांगितले. मग १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. बंदूक बाळगायला, करायला, विकायला परवाना लागू लागला. युरोपियनांना मात्र नियमांत सवलत राहिली. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या भेदाविरुद्ध ठराव केले. १८८४ चा स्फोटक द्रव्यांचा कायदा दारूच्या व्यवहारावर आणखी एक पहारा घेऊन आला. आता कारागिराच्या जागी उभे राहून पाहा. परवाना असलेला एखादा जमीनदार बंदूक घेऊन येतो, माशी हलते आहे. झाळणे जमते. पण बार काढून पाहायचा तर दारू कोणाच्या नावावर, मैदान कोणते, पोलिसाला काय सांगायचे? आणि वर्षाकाठी अशी दोन-तीन गिऱ्हाइके येणार असतील, तर मुलाला हे काम कशासाठी शिकवायचे? धंदा एका दिवशी बंद होत नाही; शिकणारा येईनासा होतो, आणि ज्ञान एका पिढीत संपते. गॅझेटियरच्या यादीत कुलपे आणि घड्याळे का दिसतात, याचे उत्तर १८७८ आणि १८८५ या दोन सालांच्या जवळिकीत शोधणे मला रास्त वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप यंत्राचा आहे. एनफिल्डच्या कारखान्यात १८५० च्या दशकातच अमेरिकन यंत्रे आली, सुटे भाग एकमेकांना बसतील असे निघू लागले, पुढे मागून भरायची काडतुसाची बंदूक आली. कायदा नसता तरी पुण्याचा कारागीर मागे पडलाच असता, असे म्हणता येईल. नव्या बंदुका घडवण्याच्या बाबतीत हे मान्य करायला हवे. पण दुरुस्तीच्या बाबतीत नाही, कारण माशी यंत्राने बसवली तरी ती साधावी लागते ती एकेका बंदुकीवर. शिवाय याला पडताळा आहे. कोडगूत १८६१ पासून कोडवांना शस्त्रबंदीतून, आणि पुढे हत्यारांच्या कायद्यातूनही, सूट होती. तिथे घराघरात बंदूक राहिली, आणि तिची देखभाल व नेमबाजीही टिकली. बिहारमधल्या मुंगेरात परवान्याने बंदुका करण्याचा धंदा इंग्रजी अमलात चालू राहिला आणि आजही ते नाव बंदुकीशी जोडलेले आहे. सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेलात तर कायद्याचा हात पोचत नव्हता, तिथे साध्या कानशीने विलायती रायफलींच्या नकला होत. यंत्रयुग तिन्ही ठिकाणी सारखेच होते. वेगळा होता तो कायदा, किंवा त्याची पकड. जिथे ती सैल होती तिथे कारागीर टिकला. पुण्यात ती घट्ट होती.

खडकीचा दाखला देऊन कोणी उलटेही विचारेल. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पुणे शस्त्रनिर्मितीत मागे कसे पडले, उलट पुढेच गेले ना? त्या कारखान्याने हजारो घरांना रोजगार दिला, मोजमापाची शिस्त शिकवली, आणि या शहराच्या पुढच्या यंत्रोद्योगाला त्याचा हातभार लागला, हे कृतज्ञतेने मानले पाहिजे. पण तिथले काम काडतुसाचे. एकसारखी लाखो काडतुसे काढणारा कामगार आणि एका बंदुकीचा स्वभाव ओळखून तिची माशी साधणारा कारागीर हे वेगळ्या ज्ञानाचे धनी आहेत. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली नाही. दुसऱ्याची जागा कायद्याने रिकामी केली. दोघांना एकाच प्रगतीच्या खात्यात मांडले की तोटा दिसेनासा होतो.

शेवटचा आक्षेप शांततेचा, आणि तो मी हलका मानत नाही. बंदुका कमी झाल्या तर माणसे कमी मेली, मग धंदा गेल्याचे दुःख कशाला? हत्यारांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला आहे. स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि त्यात बंदूक दुरुस्त करणे आणि चाचणी घेणे यांनाही परवाना लागतो. ते योग्यच आहे. परकीय सत्तेने प्रजेवरच्या अविश्वासापोटी घातलेली बंदी आणि लोकांनी निवडलेल्या सरकारने सुरक्षिततेसाठी ठेवलेला परवाना यांत फरक आहे. परवाना देणारे सरकार दुरुस्तीची सोयही ठरवू शकते. ती गरज आजही आहे. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, डुकरे आणि वानर यांच्यापासून बागा राखण्यासाठी शेतकरी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका वापरतात आणि निवडणुका आल्या की त्या पोलीस ठाण्यात जमा करतात. सैल माशीची बंदूक कमी धोक्याची नसते, जास्त धोक्याची असते. नेम चुकलेली गोळी कुठेतरी लागतेच. परवानाधारी दुरुस्तीकार आणि चाचणीची देखरेखीखालची जागा जिल्ह्यात असणे, हे सुरक्षिततेच्याच बाजूचे आहे.

या इतिहासातून पुण्यासाठी एक काम निघते, आणि ते आजच करता येण्याजोगे आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या बंदुका आणि दारूच्या शिंगड्या जतन केलेल्या आहेत. अशा बंदुकांची नोंद करताना काळ, प्रदेश, नक्षी यांबरोबर दुरुस्तीच्या खुणाही लिहिल्या जाव्यात. माशीच्या बुडाशी पितळेची झाळ आहे की कथिलाची, ती मूळची की नंतरची, खाचेत तांब्याचा पत्रा आहे का, कडांवर हातोडीचे ठोके किती जुने दिसतात, माशी कानसून किती ठेंगणी केली आहे. ज्या कारागिरांनी आपले नाव कोरले नाही, त्यांनी लिहिलेला इतिहास हाच आहे, आणि तो पॉलिश करून चकचकीत केला की कायमचा पुसला जातो. तांबट आळीतले जाणकार हात आज झाळीचा रंग पाहून तिचा धातू ओळखू शकतात. त्यांना संग्रहालयात बोलावून या नोंदी करून घ्यायला फार पैसा लागत नाही. अशा शंभर बंदुकांच्या नोंदी झाल्या, तर पुण्याचे कारागीर हरले की त्यांना थांबवले गेले, या प्रश्नावर आपल्याला तर्कावर अवलंबून राहावे लागणार नाही. माझे उत्तर चुकीचे असेल तर ते त्या खुणाच सांगतील. आणि बरोबर असेल तर दीडशे वर्षे त्या कारागिरांवर ठेवलेला मागासलेपणाचा ठपका आपण पुराव्यानिशी काढून टाकू शकू.